टेलिफोनची आवक-जावक

माझ्यावर हेरगिरीचा आरोप झाला तेव्हा मी बनियनवर होतो आणि माझा अर्धा गाल साबणाचा होता. माणसावर आरोप व्हायचाच असेल तर तो निदान सदरा घातल्यावर व्हावा. फेस लावलेल्या माणसाला कितीही स्वाभिमानानं बोलता आलं तरी समोरचा त्याच्या हनुवटीकडंच बघतो.

"बन्सीधरराव, तुमी आमच्यावर नजर ठिवायलात म्हणं," आबासाहेब दारातून म्हणाले. आबासाहेबांची पेडगावला चाळीस एकर जमीन. ते राहायचे मात्र परभणीत, आमच्या शेजारी, आणि सल्ले द्यायचे सगळ्या कॉलनीला. "रजिष्टरात माझ्या नावापुढं काय लिवलंय? 'आवाज चढा, मुद्दा नाही'?"

लिहिलं होतं. खोटं कसं बोलू? पण हे रजिस्टर ठेवण्याची कल्पना ज्यांची, तेच मला आरोपी म्हणून उभं करत होते, याचं मला जास्त वाईट वाटलं.

त्याचं झालं असं. १९९० साली आमच्या घरी टेलिफोन आला. अर्ज केला होता त्र्याऐंशीत. मधली सात वर्षं अर्ज का अडला, तर पत्त्यात मी 'मोठ्या विहिरीजवळ' असं लिहिलं होतं. पाहणीला माणूस येईपर्यंत विहीर बुजवली गेली. त्यानं 'विहीर आढळून आली नाही' असा अहवाल दिला, आणि पुढची दोन वर्षं मी, तिथं पूर्वी विहीर होती, असा दाखला मिळवण्यात घालवली. दाखला मिळाला तेव्हा कळलं की आता बिनविहिरीचाही अर्ज चालतो.

फोन आला त्या दिवशी अख्ख्या कॉलनीनं नारळ आणले. एकूण अकरा. महिनाभर आमच्या घरी सगळ्या भाज्यांत खोबरं होतं. त्या बदल्यात कॉलनीनं आमचा नंबर आपापल्या नातेवाइकांना वाटून टाकला. लग्नपत्रिकांवर तो छापला जाऊ लागला, पुढं 'पी.पी.', म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लावून. चिखलीच्या एका वधूपित्यानं तर मला ओळखत नसताना पहाटे फोन करून विचारलं, "मुलगा दारू घेतो का?" कोणता मुलगा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी 'नाही' म्हणालो. माणसानं चांगलं बोलावं.

तेव्हा आबासाहेब म्हणाले, "बन्सीधरराव, जमाना खराब हाय. उद्या कुनी तुमच्या फोनवरून कलेक्टरला शिव्या दिल्या तर जिम्मा कुनाचा? लिहून ठिवा. कोन आलं, कुठं बोललं, किती येळ."

आता, मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक कारकून. बावीस वर्षं आलेल्या आणि गेलेल्या कागदांना नंबर देतोय. मला 'लिहून ठेवा' म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यात ढकलणं. दुसऱ्याच दिवशी जाड पुठ्ठ्याची वही आणली, लाल शाईनं रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, वेळ, कोणाकडून, कोणासाठी, विषय, कालावधी. पान मोठं होतं, उजवीकडं जागा उरली. रिकामी जागा मला बघवत नाही. मी तिथं 'शेरा' हा रकाना आखला.

माझं सगळं वाटोळं त्या उरलेल्या अडीच इंचांनी केलं.

सुरुवातीचे शेरे साधे असत. 'ऐकू आले नाही', 'परत करतो म्हणाले'. पण रकाना रोज समोर असला की माणूस खुलत जातो. 'रडक्या सुरात पैसे मागितले.' 'साहेबांना कावीळ सांगितली. प्रत्यक्षात चेहरा तजेलदार.' 'जावयाशी बोलताना उभे राहिले.' मी घरी नसेन तेव्हा नोंद करायचं काम सुमनकडं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींकडं होतं. तिला शेरा लिहायचा कंटाळा. एकदा तिनं माझीच एक नोंद वाचली: 'सौ. — माहेर, जिंतूर — अकरा मिनिटे — विषय: मी.' त्यावर ती एवढंच म्हणाली, "अकरा न्हवती, चवदा होती. तीन मिनिटं तुमी पाणी आणायला गेलता तेव्हाची." मी ती दुरुस्ती लाल शाईनं केली.

वही फोनशेजारीच उघडी असायची, कारण सरकारी दप्तर लपवू नये असं माझं मत. ती कोणी वाचेल, हे माझ्या मनातही आलं नाही. आमच्या कार्यालयातली रजिस्टरं आजवर कोणीही वाचलेली नाहीत. पण आबासाहेबांच्या नर्मदाबाई एकदा फोनची वाट बघत बसल्या, चष्मा जवळ होता, आणि त्या दुपारी सगळ्या कॉलनीला सगळ्या कॉलनीचं सगळं कळलं.

दुसऱ्या सकाळी आबासाहेब दारात आले, आणि मग रांग लागली. कोणी स्वतःची नोंद खोडायला आलं, कोणी दुसऱ्याची वाचायला. कावीळवाल्याची बायको येऊन 'ह्ये त्या दिवशी हापिसात न्हवते तर व्हते कुठं?' म्हणून माझ्यावरच ओरडली. मी सगळ्यांना शांतपणे सांगितलं की नोंद खोडता येत नाही, मात्र दुरुस्तीसाठी लेखी अर्ज करता येईल, कारण नमूद करून. तीन दिवसांत सतरा अर्ज आले. त्यांचंही रजिस्टर करावं की काय, असा विचार मी जेवताना बोलून दाखवला. सुमननं वाढता वाढता हात थांबवला.

"माणिककाकांचं काय झालं, ध्यानात हाय ना?" ती म्हणाली. "त्याच वाटेनं चाललात."

माणिकरावांबद्दल सांगायला हवं. आमच्या समोरच्या घरात ते आणि कडूबाई, दोघंच राहत. मूलबाळ नव्हतं. माणिकराव बियाण्यांच्या गोदामात भांडारपाल होते. निवृत्त झाले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी कडूबाईंचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. प्रत्येक डब्याला नंबर, त्यावर चिठ्ठी चिकटवलेली: 'डबा क्र. ७, तूरडाळ'. एवढं कडूबाईंनी सोसलं. पण एक दिवस त्यांनी मीठ मागितलं तर माणिकराव म्हणाले, मागणीचिठ्ठी द्या. कडूबाईंचा आवाज मुळात मोठा. त्या दिवशी तो स्टेशनापर्यंत गेला असावा. "जावा मग तुमच्या गोदामात! हितं माझं घर हाय!" दुसऱ्या दिवशी माणिकराव दिसले नाहीत. कडूबाई सगळ्यांना सांगत, जालन्याला भाच्याकडं गेलेत, डोळ्याचं आप्रेशन करायला. याला आता सात महिने होत आले होते. कोणत्या डोळ्याला सात महिने लागतात, हे कॉलनीत कोणी विचारलं नाही. एवढी माणुसकी आमच्यात होती.

सुमनचं बोलणं मी मनाला लावून घेतलं नाही. मनाला लागलं ते दुसऱ्या दिवशी.

संध्याकाळी वाघमारे गुरुजी आले. आमच्या ओळीतलं शेवटचं घर त्यांचं. पिंगळीच्या शाळेत शिकवायचे. अर्ज आणला नव्हता. फोनजवळ उभे राहून त्यांनी विचारलं, "माझ्या नोंदी बघू का?"

पान मीच काढून दिलं. तीन नोंदी होत्या, तिन्ही औरंगाबादच्या. 'विषय: विद्यापीठ नामांतर, सभा. शेरा: आवाज तापलेला. समोर कोण, नाव सांगितले नाही.'

गुरुजींनी ते दोनदा वाचलं. चिडले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

"बन्सीधरराव, अठ्ठ्याहत्तर साली मी गावाकडं होतो," ते म्हणाले. "आमच्या वस्तीतला कोण कुणाच्या घरी बसतो, कोण सभेला जातो, काही लोकांना तोंडपाठ होतं. पेटवायला आले तेव्हा कुणाला विचारावं लागलं नाही."

"अहो, पण मी तसा माणूस..."

"तुम्ही नाही." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "तुमच्याबद्दल मला शंका असती तर तुमच्या फोनवर बोललो असतो का? पण ही वही कुणाच्याही हातात पडली तरी वाचता येते."

मी दाढीचं ब्लेड आणलं आणि ते पान मुळापासून कापून त्यांच्या हातात दिलं. बावीस वर्षांच्या नोकरीत दप्तराचं पान मी पहिल्यांदा फाडलं. गुरुजींनी घडी घालून ते खिशात ठेवलं, सुमननं दिलेला चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, "शुक्रवारी मला एक फोन यायचा आहे. आला तर बोलवा." त्या एका वाक्यासाठी मी त्यांचा अजून ऋणी आहे. येणं बंद करायला त्यांना कारण होतं.

त्या रविवारी सुमन आणि मी वही घेऊन बसलो आणि सगळ्यांची सगळी पानं कापायला लागलो. ज्याच्या नोंदी त्याला परत. आबासाहेबांचा गठ्ठा सर्वांत जाड निघाला. दुपारपर्यंत वही रिकामी झाली, पण नऊ नोंदी उरल्या. त्या परत द्यायला माणूसच नव्हता.

'चुडावा — कोणासाठी: सांगितले नाही — विषय: नाही — शेरा: बोलत नाही.'

हे फोन मला आठवत होते. सकाळी दहाच्या सुमाराला, मी ऑफिसला निघायच्या घाईत असताना घंटी वाजायची. एक्स्चेंजमधल्या बाई म्हणायच्या, "चुडाव्याहून ट्रंक आहे, बोला." मी म्हणायचो, "कोण बोलतंय? कोण पाहिजे? विषय काय?" पलीकडं सामसूम. मग मी आदळून ठेवायचो. माझ्या नोंदी सगळ्या वीस-वीस सेकंदांच्या होत्या. सुमननं घेतलेले तीन होते. त्यातले दोन मिनिट-दीड मिनिटाचे. तिसरी नोंद मात्र, तिच्याच अक्षरातली, पूर्ण तीन मिनिटांची होती.

"तीन मिनिटं न बोलता?" मी म्हणालो. "कोण आहे हा वेडा?"

सुमन तारखा बघत होती. मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं.

"अहो, सगळे मंगळवार हायेत."

"असतील. चुडाव्याचा बाजार असेल."

"मंगळवारी दहाला आपल्याकडं कोन येतं?"

मंगळवारी दहाला आमच्या अंगणातली जास्वंदाची फुलं न्यायला कडूबाई येत. त्यांचा देवीचा वार. बहुतेक वेळा बाहेरूनच फुलं तोडून जात. आत येऊन बसल्या त्या एकदाच.

"ह्या दिवशी," सुमन तीन मिनिटांच्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाली. "मी फोन कानाला लावून उभी व्हते, अन् मावशी पाटावर बसून बोलत व्हत्या. त्यांचा आवाज तुमाला म्हाईतच हाय. शेवटी एक्स्चेंजच्या बाईनंच तोडला."

म्हणजे माणिकराव चुडाव्याहून कडूबाईंचा आवाज ऐकायला फोन करत होते. सहा महिने ती वही मीच लिहीत होतो आणि मला ती एकदाही वाचता आली नव्हती.

तरी खात्री करावी म्हणून सोमवारी मी टेलिफोन एक्स्चेंजला गेलो. खिडकीतल्या बाईंचा आवाज ओळखीचा, चेहरा पहिल्यांदाच दिसत होता. मी विचारलं, चुडाव्याहून माझ्या नंबरवर कोण बोलतं?

"ते सांगता येत नाही."

"अहो, माझाच फोन आहे. तुम्हाला तर सगळ्या गावाचं माहीत असेल, कोण कुणाशी बोलतं ते."

"माहीत असतं म्हणूनच सांगत नाही," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडं वळल्या.

मी बाजूला झालो. त्या बाईंच्या कानावर माझ्या वहीच्या हजारपट गोष्टी जात असतील. परत येताना सायकल जरा जडच चालली.

कडूबाईंना सुमननं त्याच संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं. मला आत यायला मनाई होती. मी दाराआड होतो. आधी बराच वेळ 'काय तरीच', 'त्ये तर जालन्याला हायेत' असं चाललं. मग आवाज खाली आला.

"तीन मिन्टं?" कडूबाईंनी विचारलं. "अन् मी काय बोलायले व्हते गं त्या दिवशी? शिव्या तर न्हाई ना दिल्या?"

"न्हाई मावशी. तुमी म्हणत व्हता, डब्यावरच्या चिठ्ठ्या काढाया हात होईना. सात नंबरमधीच अजून तूरडाळ ठिवते म्हणून."

नंतर कडूबाईंनी पाणी मागितलं, इतक्या हळू की मला दाराआड जेमतेम ऐकू आलं.

ठरलं असं, की उद्या मंगळवार, दहा वाजता कडूबाईंनी स्वतः फोन उचलायचा. हे फक्त तिघांत ठेवायचं होतं. सकाळी नऊला अंगणात चौदा माणसं होती. आबासाहेबांनी कडूबाईंना सल्ला दिला की पहिला शब्द दमदार घ्या. आणि साडेनऊला त्यांच्याच गच्चीच्या कामासाठी विटांची गाडी आली, उंच भरलेली, आणि गल्लीत वळताना ती आमची टेलिफोनची तार घेऊन गेली. तारेला गाडीवान 'सुतळी' म्हणाला.

मी रिसीव्हर कानाला लावला. आत काहीही नव्हतं. सात वर्षं वाट पाहून आलेला फोन, आणि ज्या दिवशी त्याचं खरं काम, त्याच दिवशी तो मुका. आबासाहेब पांढरे पडले होते. मी त्यांना काहीतरी बोलणार होतो. गेल्या पंधरा दिवसांतलं सगळंच साठलं होतं. पण कडूबाई उठल्या. डोक्यावर पदर घेतला.

"चुडाव्याला गाडी कवा हाय?" त्यांनी विचारलं.

दहाची पॅसेंजर होती. आबासाहेबांनी कडूबाई, सुमन आणि मला स्वतःच्या जीपमध्ये घालून स्टेशनवर सोडलं, तिकिटं काढली, आणि खिडकीतून हात जोडून म्हणाले, "कडूबाई, चूक झाली. मानूस घिऊन या." मी रजा टाकायला विसरलो, हे पिंगळी आल्यावर आठवलं. पिंगळीला गाडी क्रॉसिंगसाठी पस्तीस मिनिटं उभी राहिली. कडूबाई पूर्ण वेळ दाराशी उभ्या राहून इंजिनाकडं बघत होत्या, जणू त्याच ते ढकलणार होत्या. दहा केव्हाच वाजून गेले होते. माझ्या मनात येत होतं, फोन लागला नाही म्हणून ते निघून गेले असतील. आणि ते नसलेच, तर या बाईला मी कोणत्या तोंडानं परत नेणार? नऊ नोंदींच्या जोरावर मी एका माणसाला आशेला लावलं होतं.

चुडाव्याला उतरलो तेव्हा बारा वाजायला आले होते. पोस्ट विचारत गेलो. लहानशी खोली, बाहेर बाकडं. बाकड्यावर माणिकराव बसले होते. अंगानं निम्मे झालेले, पण सदऱ्याच्या खिशाला पेन तसंच.

आत पोस्टमास्तर फोनवर ओरडत होते, "अहो बाई, दोन तास झाले, परभणीचा नंबर लागत कसा नाही?" आणि मग बाहेर बघून, "माणिकराव, आजच्या दिवस जावा घरी."

"अजून एकदा बघा ना साहेब," माणिकराव म्हणाले. "असं कधी झालं न्हाई. तिकडं कायतरी झालं असंल."

तार तुटली नसती तर ते कडूबाईंचा 'हॅलो' ऐकताच घाबरून फोन ठेवून निघूनही गेले असते. तुटल्यामुळं दोन तास बाकड्यावर बसून राहिले. त्या विटांच्या गाडीवानाचं नावही मला माहीत नाही, पण देव त्याचं भलं करो.

कडूबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. सगळा रस्ता त्यांनी काय काय बोलायचं ठरवलं असेल. पोस्टमास्तर बघत होते, बाहेर दोन-तीन माणसं होती. कडूबाईंनी पदर सावरला.

"झालं का डोळ्याचं आप्रेशन?"

माणिकरावांना काही कळेना. "कुनाच्या?"

"तुमच्या. सात महिने झाले. समद्या कॉलनीला सांगून ठिवलंय मी."

माणिकरावांनी खिशातलं पेन सरळ केलं. मग हळूच म्हणाले, "झालं."

"दिसायलंय का आता?"

"दिसायलंय."

"मग चला घरी. मीठ सपलंय."

यापुढचं मी बघितलं नाही. मी पोस्टमास्तरांकडून विनाकारण चार पोस्टकार्डं विकत घेतली.

चुलत मेहुण्याच्या चहाच्या गाड्यावर माणिकराव कपबशा विसळत सात महिने राहिले होते. पिशवी घ्यायला पाच मिनिटं लागली. परतीची गाडी उशिरा होती. फलाटावरच्या झाडाखाली आम्ही बसलो. कडूबाई तोंडावर पाणी मारायला नळावर गेल्या, तेव्हा माणिकराव सुमनसमोर येऊन उभे राहिले. माझ्यासमोर नाही.

"वैनी, भाऊसाहेब लगेच ठिवून द्यायचे, त्येंची चूक न्हाई. पन तुमी कधीच ठिवला न्हाई. मी बोलत नसायचो तरी तुमी बोलायच्या. 'कोन का असंना, काळजी करू नका' म्हणायच्या. एकदा म्हणलात, 'जेवलात का?' सात महिन्यांत कुनी इचारलं न्हवतं. त्या दिशी मी इकडच्या नदीकडं निघालो व्हतो, वैनी. फोन झाल्यावर माघारी फिरलो अन् जेवलो."

सुमननं पिशवीतून दशम्या काढल्या आणि त्यांच्या हातावर ठेवल्या.

सुमनशी लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली होती. माझ्याच घरात, माझ्याच फोनवर ती एका अनोळखी माणसाला जेवलात का म्हणून विचारत होती, आणि मला याचा पत्ता नव्हता.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"त्यात सांगायचं काय?" ती म्हणाली. "घ्या, तुमी बी खावा. सकाळपासून उपाशी हायत."

मी दशमी घेतली. आयुष्यात माझ्या वाट्याला काय आलं आहे, ते मला चुडाव्याच्या फलाटावर कळलं. जरा उशीरच झाला, पण कळलं. नळावरून कडूबाईंचा आवाज येत होता. त्या कोणाला तरी पाणी वाया घालवल्याबद्दल रागावत होत्या, आणि माणिकराव डोळे मिटून ऐकत होते. स्टेशनमास्तर सांगून गेले की गाडी अजून पाऊण तास लेट आहे. आम्हाला चौघांनाही ते चाललं.